खेळ पोरांचा, नाव भाड्याचे

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की परतवाड्याच्या कोणत्याही वस्तीत जा, ओट्यावर चार पोट्टे आणि मधात एक मोबाईल असतोच. एक खेळतो आणि तिघे त्याला शिकवतात. पंचवीस-तीस वर्षांमागे हीच गर्दी टीव्ही गेमच्या दुकानात असायची. तासाच्या हिशेबाने पैसे मोजायचे, आणि कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारून ती पुन्हा बसवायची. ती दुकाने गेली, त्या कॅसेटी गेल्या. टॉकीजमध्ये पाहिलेला नायक आपल्या बोटांवर नाचवायची हौस मात्र तशीच आहे. सिनेमा मोठा असला की त्याच्या नावाचा खेळ निघतो. शाहरुख खानच्या 'रा.वन'चा खेळ २०११ मध्ये मुंबईच्या ट्राइन गेम्स या कंपनीने केला. आमिर खानच्या 'धूम ३'चा खेळ २०१३ मध्ये कर्नाटकातल्या उडुपीच्या नाइंटीनाइन गेम्सने केला.

मोबाईलने पोरे बिघडतात की नाही, यावर पुष्कळ लिहून झाले आहे, आणि घरोघरच्या मायबापांचे त्याहून पुष्कळ ओरडून झाले आहे. आज तो विषय नाही. आज पोरांच्याच एका प्रश्नाबद्दल लिहायचे आहे. "मागच्या वर्षी होता तो खेळ आता दुकानात दिसत नाही. कुठं गेला?" दुकान म्हणजे मोबाईलमधले, जिथून खेळ उतरवून घेतात ते. बाप म्हणतो, मोबाईल बिघडला असेल. मोबाईल धडधाकट असतो. सिनेमावरच्या खेळाच्या बाबतीत पुष्कळदा असे होते की त्याचा करार संपलेला असतो.

करार कसला, हे आपल्याकडच्या माणसाला समजायला अवघड नाही. परतवाडा-अचलपूरच्या आसपास संत्र्याचे बगीचे आहेत. आपल्यातली किती तरी माणसे तोडाईला जातात. व्यापाऱ्याने बगीचा घेतला असे आपण म्हणतो, पण व्यापारी झाड घेत नाही. त्या एका बहाराची फळे घेतो. अंबिया बहार घेतला म्हणून पुढच्या मृगावर त्याचा हक्क लागत नाही. फांदी तोडून नेली तर मालक काठी घेऊन येईल. सिनेमावर खेळ करणारी कंपनी ही अशीच बहार घेणारी असते. सिनेमाचा मालक तिला सांगतो की हे नाव वापरा, ही गोष्ट वापरा, पण इतकीच वर्षे, इतक्याच देशांत आणि अमुकच यंत्रावर. मोबाईलची परवानगी दिली म्हणजे टीव्हीवरच्या खेळाची दिली असे होत नाही. त्यापोटी काही रक्कम आगाऊ आणि विक्रीवर काही वाटा. मुदत संपली की कंपनीने तो खेळ विकणे बंद करायचे. खेळ तिनेच घडवला असला तरी बंद करायचा.

त्यातही मालक एकच असता तर बरे झाले असते. गोष्ट निर्मात्याची, गाणी संगीत कंपनीची, चेहरा नटाचा, आणि खेळ चालवणारा संगणकाचा प्रोग्राम खेळ करणाऱ्याचा. एका खेळात चार वाटेकरी. चौघांपैकी एक जरी नाही म्हणाला तरी कुलूप.

या कुलपाची सर्वांत गाजलेली गोष्ट जेम्स बाँडची आहे. 'गोल्डनआय' हा बाँडचा सिनेमा १९९५ साली आला. इंग्लंडमधल्या ट्वायक्रॉस नावाच्या खेड्यात रेअर नावाची एक कंपनी होती. तिथल्या लहानशा तुकडीने त्या सिनेमावर निन्टेन्डो ६४ या यंत्रासाठी खेळ करायला घेतला. त्यातल्या बऱ्याच जणांचा तो पहिलाच खेळ. काम लांबले, आणि खेळ बाजारात आला तेव्हा १९९७ साल अर्धे उलटून गेले होते. सिनेमा शिळा झाला होता. तरी तो खेळ ऐंशी लाखांवर खपला. एकाच टीव्हीचे चार तुकडे करून चार जणांनी एकमेकांशी खेळायचे, ही त्यातली गंमत. आपल्या ओट्यावरच्या चार पोट्ट्यांना तो फार आवडला असता.

एवढा चाललेला खेळ. जुने यंत्र बंद झाल्यावर तो नव्या यंत्रावर आणणे हे कोणत्याही व्यापाऱ्याच्या डोक्यात येईल. तो नव्या यंत्रांवर आला २७ जानेवारी २०२३ ला. मधे पंचवीस वर्षांहून जास्त काळ गेला. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने रेअर कंपनी ३७ कोटी ५० लाख डॉलरला विकत घेतली. म्हणजे खेळ करणारी माणसे मायक्रोसॉफ्टकडे गेली. खेळ आला होता निन्टेन्डोच्या यंत्रावर, तेव्हा निन्टेन्डोचा त्यात शब्द राहिला. बाँड तर या दोघांचाही नाही, तो सिनेमाच्या मालकांचा. आणि मधल्या काळात बाँडवर खेळ काढण्याचा परवाना आधी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे आणि मग अ‍ॅक्टिव्हिजनकडे गेला. मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो हे तर बाजारातले एकमेकांचे वैरी. २००७-०८ च्या सुमारास रेअरच्या माणसांनी तो खेळ नव्या रूपात जवळपास पुरा करून ठेवला होता. मालकांचे जमले नाही आणि तो डब्यात गेला. २०२१ मध्ये तो चोरवाटेने बाहेर फुटला तेव्हा लोकांना कळले की काम किती पुढे गेले होते. राबून केलेले काम कुलपात पडले, तेव्हा त्या कारागिरांना काय वाटले असेल? ते कुणी करारात लिहीत नाही.

मजा अशी की २०१० मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनने 'गोल्डनआय' याच नावाने दुसरा खेळ काढला, आणि त्यात सिनेमातला नायक पिअर्स ब्रॉस्नन नव्हताच. त्याच्या जागी नवा बाँड डॅनियल क्रेग. सिनेमा एकाचा, चेहरा दुसऱ्याचा.

बाँडच्या कुटुंबात भांडण याहून जुने आहे. बाँडचा लेखक इयान फ्लेमिंग याने केव्हिन मॅक्क्लोरी आणि जॅक व्हिटिंगहॅम या दोघांबरोबर बसून एका सिनेमाची कथा रचली. सिनेमा काही तेव्हा झाला नाही. मग फ्लेमिंगने तीच कथा १९६१ मध्ये 'थंडरबॉल' नावाची कादंबरी म्हणून छापली, आणि जोडीदारांचे नाव घेतले नाही. प्रकरण लंडनच्या कोर्टात गेले. १९६३ मध्ये तडजोड झाली आणि त्या कथेचे सिनेमाचे हक्क मॅक्क्लोरीला मिळाले. त्या कथेत 'स्पेक्टर' नावाची गुंडांची टोळी आहे. ती कुणाची, हा वाद पुढे पन्नास वर्षे चालला. तो मिटला २०१३ मध्ये, मॅक्क्लोरीच्या मृत्यूनंतर. दरम्यान २००५ मध्ये बाँडच्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' या जुन्या सिनेमावर खेळ निघाला. सिनेमात टोळीचे नाव स्पेक्टर आहे. खेळात ते घेता येईना, म्हणून टोळीचे नाव ठेवले 'ऑक्टोपस'! खेळणाऱ्या पोरांना वाटले असेल, लिहिणारा विसरला. एका माणसाने तीस-पस्तीस पानांवर जोडीदाराचे नाव टाकले असते तर हा सगळा खटाटोप वाचला असता, असे आम्हाला वाटते.

आता आपल्या पोरांच्या जास्त ओळखीचा माणूस घेऊ. मिशीवाला, टोपीवाला मारिओ. तो मुळात परवाना न मिळाल्यामुळे जन्मला, हे किती जणांना माहीत आहे? १९८१ च्या सुमारास जपानच्या निन्टेन्डो कंपनीला पालक खाऊन ताकद येणाऱ्या पोपायवर खेळ काढायचा होता. पोपायचे हक्क तेव्हा मिळाले नाहीत. मग शिगेरू मियामोटो या त्यांच्या तरुण कारागिराने पोपायच्या जागी एक सुतार उभा केला, पोपायच्या दांडगट वैऱ्याच्या जागी एक वानर बसवले आणि पोपायच्या प्रेयसीच्या जागी दुसरी बाई. वानराचे नाव डाँकी काँग. तो सुतार पुढे मारिओ झाला, नळवाला झाला, आणि पोपायपेक्षा मोठा झाला. आपल्या टीव्ही गेमच्या कॅसेटीतही तोच नळांमधून उड्या मारत होता.

डाँकी काँग धो धो चालला, तसा १९८२ मध्ये युनिव्हर्सल हा हॉलिवूडचा बडा स्टुडिओ दारात उभा राहिला. वानर आणि 'काँग'! म्हणजे हे आमच्या 'किंग काँग'वरून उचलले, टाका पैसे. कोलेको नावाची दुसरी कंपनी घाबरली आणि विक्रीवर तीन टक्के द्यायला कबूल झाली. निन्टेन्डोने नकार दिला. त्यांचे वकील जॉन कर्बी यांनी जुनी दप्तरे उघडली आणि त्यांना फार छान कागद सापडले. १९७५-७६ मध्ये याच युनिव्हर्सलने दुसऱ्या एका कंपनीशी भांडताना कोर्टात म्हटले होते की किंग काँगच्या गोष्टीवर आता कुणाचा हक्क उरलेला नाही, ती सर्वांची आहे. आणि तो खटला त्यांनी जिंकलाही होता. जी वस्तू सर्वांची म्हणून स्वतः सोडवून घेतली, तिचेच भाडे आता दुसऱ्याकडे मागत होते. न्यूयॉर्कच्या कोर्टात न्यायाधीश रॉबर्ट स्वीट यांनी १९८३ मध्ये निन्टेन्डोच्या बाजूने निकाल दिला, १९८४ मध्ये अपिलातही तो टिकला. पुढे युनिव्हर्सललाच उलटे १८ लाख डॉलर भरावे लागले. १९९२ मध्ये निन्टेन्डोच्या एका खेळातल्या गुबगुबीत गुलाबी गड्याचे नाव कर्बी ठेवले गेले, ते या वकिलाच्या मानाचे म्हणतात.

कोलेकोसारख्यांची गोष्ट आम्हाला जास्त लागते. मोठ्या माणसाचे पत्र आले, वकिलाचा शिक्का दिसला, की खरे-खोटे न बघता पैसे काढून देणारे बरेच असतात. सावकाराच्या चिठ्ठीचेही तसेच होते.

हे सारे परदेशातले म्हणून सोडू नका. परवाना आणि मोबदला ही जोडी आपण अचलपूरच्या स्टेशनावर पाहिली आहे. मूर्तिजापूर-अचलपूर ही आपली शकुंतला. इंग्रजांच्या काळात किलिक निक्सन या कंपनीने कापूस वाहून न्यायला ती लाइन टाकली. देश स्वतंत्र झाला, रेल्वे सरकारची झाली, पण ही लाइन कंपनीच्याच नावावर राहिली. गाडी चालवायची रेल्वे खात्याने, रूळ कंपनीचे, आणि त्याचा मोबदला कंपनीला, असा करार वर्षानुवर्षे नव्याने होत राहिला. गाडीत बसून मूर्तिजापूरला जाणाऱ्या बाईला काय ठाऊक की आपल्या बुडाखालचा रूळ भाड्याचा आहे! गाडी बंद पडून आता काही वर्षे झाली. खेळातला बाँड आणि आपली शकुंतला यांची जात एकच: चालवणारा वेगळा, बसणारा वेगळा, आणि मालक तिसराच.

आपल्या हिंदी सिनेमात या मालकीची सर्वांत मोठी शाळा म्हणजे 'शोले'. १५ ऑगस्ट १९७५ ला तो लागला. गब्बरसिंगचे बोलणे तर इतके गाजले की गाण्यांच्या तबकड्या असतात तशी संवादांचीही तबकडी निघाली, आणि लग्नाच्या मांडवात लाउडस्पीकरवर ती वाजली. 'शोले' कुणाचा, असे विचारले तर कुणी अमिताभ-धर्मेंद्रचा म्हणेल, कुणी सलीम-जावेदचा म्हणेल, जाणकार रमेश सिप्पीचा म्हणतील, कारण दिग्दर्शक तेच. कोर्टाला मात्र तसे वाटले नाही. सिप्पी घराण्यातल्या दुसऱ्या फळीने 'शोले' त्रिमिती करून पुन्हा लावायचे ठरवले, तेव्हा रमेश सिप्पी मुंबई उच्च न्यायालयात गेले. हा माझा सिनेमा आहे, माझ्या परवानगीशिवाय हे करता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. न्यायालयाने २०१३ मध्ये स्थगिती दिली नाही. सिनेमा काढला तो त्यांचे वडील जी. पी. सिप्पी यांच्या भागीदारी कंपनीने, पैसा तिचा, जोखीम तिची, आणि कायद्याच्या लेखी सिनेमाचा पहिला मालक निर्माता. त्रिमिती 'शोले' ३ जानेवारी २०१४ ला लागला.

रमेश सिप्पींविषयी आम्हाला वाईट वाटते, पण ते काही उघड्यावर पडले नाहीत. ज्याने सिनेमा घडवला तोही मालक नसतो, तर त्याच सिनेमात घोड्याला दाणा घालणारा, दिव्यांची जड पेटी डोंगरावर चढवणारा कुठे बसतो, असा विचार मनात येतो. त्याची मजुरी दिवसाची. ती मिळाली की हिशेब संपला.

'शोले'चे मालक पुढे फार जागरूक राहिले. रामगोपाल वर्मा यांनी २००७ मध्ये 'आग' काढला, तो 'शोले'च्या वळणाचा होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दहा लाखांचा दंड लावला. 'शोले' हे नाव घेऊन कुणी संकेतस्थळ काढले होते. तो खटला दोन दशके चालला आणि २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पंचवीस लाख भरायला लावले. तेव्हा आपल्या एखाद्या हुशार पोराने कॉलेजच्या संगणकावर गब्बर आणि ठाकूरचा खेळ बनवला आणि मित्रांना दाखवला, तर कुणी काही म्हणणार नाही. तोच खेळ त्याने मोबाईलच्या दुकानात ठेवला आणि जाहिरातींचे पैसे घेऊ लागला, तर नोटीस येऊ शकते.

चेहऱ्याचेही तसेच. २०२१ मध्ये 'सेल्मॉन भोई' नावाचा खेळ निघाला. नाव वाचताच कुणाबद्दल आहे ते कळावे, असेच ते नाव. २००२ मध्ये वांद्र्याला मध्यरात्रीनंतर सलमान खानची मोटार बेकरीपाशी झोपलेल्या कामगारांवर गेली होती. एक माणूस मेला, चार जखमी झाले. सत्र न्यायालयाने २०१५ च्या मे महिन्यात सलमानला शिक्षा दिली, त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. खेळ त्या प्रकरणाची आठवण देणारा होता. सलमान खान मुंबईच्या दिवाणी न्यायालयात गेले, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने तो खेळ दुकानातून काढायला सांगितले. माझ्या ओळखीचा वापर करून माझ्या परवानगीशिवाय पैसा कमवता येणार नाही, हा मुद्दा न्यायालयाला प्रथमदर्शनी पटला. कायद्याने पाहिले तर त्यात वावगे काही नाही. कुणाच्याही आयुष्यातल्या प्रसंगाचा खेळ करून विकावा, हे आम्हालाही रुचत नाही. पण त्या रात्री बेकरीच्या पायरीपाशी झोपलेल्या माणसांचेही ते आयुष्य होते. त्यांच्यापैकी कुणी कोर्टात जाऊन म्हणाला असता की माझ्या मरणाचा खेळ करू नका, तर त्याला वकील कोण देणार होते?

जॅकी श्रॉफ यांनी तर 'भिडू' या शब्दासाठीही दाद मागितली. मे २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांचे नाव, आवाज, चित्र परवानगीशिवाय धंद्यात वापरण्यास काहींना मनाई केली. घाबरू नका, लगोरीतल्या भिडूला भिडू म्हणायला कुणी पैसे मागणार नाही. तो शब्द पोरांनी जॅकीच्या आधीपासून वापरला आहे.

आता घरातल्या पैशाचे. पोराने बापाच्या मोबाईलवरून खेळ विकत घेतला, म्हणजे त्याने काय घेतले? वस्तू घेतली नाही. खेळण्याची परवानगी घेतली, तीही कंपनीच्या अटींवर. अटी इतक्या लांब असतात की त्या वाचणारा माणूस आम्ही अजून पाहिला नाही. करार संपून खेळ दुकानातून निघाला, तर आधी उतरवून घेतलेला पुष्कळदा चालत राहतो, नव्याला मिळत नाही. पण जो खेळ कंपनीच्या सर्व्हरवर चालतो, तो सर्व्हर बंद झाला की सगळ्यांचाच बंद, आणि त्यात पैसे देऊन घेतलेल्या बंदुका, कपडे, नाणी सगळे त्याबरोबर जाते. 'स्कॉट पिल्ग्रिम' या सिनेमाच्या वेळचा २०१० चा खेळ २०१४ च्या अखेरीस दुकानातून नाहीसा झाला आणि २०२१ च्या जानेवारीत परत आला. सहा वर्षे तो पैसे देऊनही मिळत नव्हता. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने यावर एक चांगला कायदा केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे अशा विक्रेत्याला गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे लागते की तू वस्तू नाही, परवाना घेतो आहेस. आपल्याकडे बायांनी एवढे तरी करावे की खेळातल्या नाण्यांसाठी मोबाईलला जोडलेले बँकेचे खाते पोराच्या हाती मोकळे ठेवू नये.

आणि हे वाचून कुणी म्हणेल, आम्ही काय सिनेमावाले आहोत? पण वस्तीतली गायनपार्टी आठवा. कॅसेटच्या जमान्यात आपल्या किती तरी गायकांनी आणि गाणी लिहिणाऱ्यांनी एकरकमी पैसे घेऊन सही केली. कागद इंग्रजीत, वाचून दाखवणारा घाईत. ती गाणी आज मोबाईलवर वाजतात आणि लिहिणाऱ्याच्या घरी त्याचा पैसा येत नाही. तेव्हा मोबाईलच नव्हता, मग तो हक्क त्याने विकला कसा? हाच प्रश्न जगभर विचारला गेला. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली, आणि त्यात आले की करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हते, त्याचा हक्क करारात नाव घेऊन लिहिल्याशिवाय दिला असे धरले जाणार नाही.

त्याच १९५७ च्या कायद्यात आणखी काही गोष्टी आहेत, त्या पुण्या-मुंबईला संगणकाच्या, चित्राच्या, ॲनिमेशनच्या कामाला गेलेल्या आपल्या पोरापोरींना सांगा. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचाच हवा, तोंडी चालत नाही. कोणते काम, कोणता हक्क, किती मुदत, कोणता मुलूख, किती मोबदला, हे त्यात लिहिलेले असावे. मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. मुलूख लिहिला नसेल तर भारतापुरताच धरतात. हक्क घेऊन समोरच्याने वर्षभरात तो वापरला नाही, तर करारात वेगळे काही लिहिले नसल्यास तो हक्क परत येतो. पण पगारी नोकरीत केलेल्या कामाची गोष्ट वेगळी. तिथे वेगळा करार नसेल तर काम कंपनीचे. पोरीने रात्र जागून काढलेले वाघाचे चित्र कंपनीच्या खेळात फिरत असेल आणि तिचे नाव कुठेच नसेल, तर कायदा कंपनीकडेच बोट दाखवेल. रविवारी घरी बसून, स्वतःच्या संगणकावर, स्वतःच्या मनाने काढलेला वाघ मात्र तिचा, नोकरीच्या करारात तोही लिहून घेतलेला नसेल तर. म्हणून नोकरीचा कागद हाती आला की तो दोन दिवस घरी आणावा, वस्तीतल्या शिकल्या माणसाकडून वाचून घ्यावा. कंपनी दोन दिवस थांबत नसेल तर कागदात काय असेल याचा अंदाज येतोच.

कॉपीराइटला सरकारी नोंदणी लागतेच असे नाही. काम केले की हक्क लागतो. तरी वादाच्या वेळी तारीख लागते, म्हणून गाण्याची वही, चित्राचा कच्चा कागद, खेळाच्या जुन्या प्रती फेकू नयेत. कर्बी वकिलाने खटला फिरवला तो जुन्या दप्तरावरूनच.

हा हक्क कायमचा टिकत नाही, त्यालाही वय आहे. सिनेमावरचा हक्क तो प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षांचा. 'शोले' १९७५ चा, तेव्हा तो २०३५ साल संपताना मोकळा होईल, आणि १ जानेवारी २०३६ पासून तो सिनेमा कुणालाही लावता येईल. आजची पोरे तेव्हा मोठी झालेली असतील. त्यातल्या एखाद्याने गब्बरचा खेळ करायचे मनात धरले तर त्याला इतकेच सांगायचे की खेळाच्या डब्यावर 'शोले' हे नाव लिहिण्याआधी चौकशी कर. ते नाव व्यापारी चिन्ह म्हणून नोंदलेले आहे, २०२२ च्या निकालात न्यायालयाने त्याला फार वजन दिले आहे, आणि व्यापारी चिन्हाची नोंद दर दहा वर्षांनी फी भरून पुढे नेता येते.